उद्यामामांचे सहा कोट

त्या गल्लीत घड्याळं पुष्कळ होती, पण ती भिंतीची शोभा म्हणून. खरी वेळ कळायची ती उद्यामामांच्या शिलाईच्या दुकानावरून. मामांनी एखाद्याला "परवा नक्की" असं सांगितलं की त्या माणसानं शहाणपणानं पुढच्या ऋतूचे कपडे बाहेर काढायचे. हाताला सफाई अशी, की मामांनी लावलेलं अस्तर लोक कोट उलटा घालून मिरवायचे. पण कोट हाती लागेल तेव्हा! एका नवरदेवानं लग्नासाठी कोट टाकला होता. तो तयार झाला तेव्हा नवरदेवाचा मुलगा बापाच्या खांद्याला लागला होता. कोट त्या मुलाला असा चपखल बसला की मामा म्हणाले, "बघा, मी पुढचा विचार करून माप घेतो!"

आईबापांनी ठेवलेलं नाव कुणालाच आठवेनासं झालं. "उद्या या, उद्या," एवढंच त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून गल्लीनं त्यांना उद्यामामा करून टाकलं, आणि तेही त्या नावाला ओ देऊ लागले, अर्थात तिसऱ्या हाकेला.

मामांना याचं काही वाटायचं नाही. वाटायचं ते मामींना. काज आणि बटणं त्यांच्याकडे असायची, आणि गिऱ्हाइकांची बोलणीही त्यांच्याचकडे. "तीस वर्षं मी बाजारात मान खाली घालून हिंडते," त्या म्हणायच्या. "काल भाजीवाली मला विचारते, सुटे आत्ता देऊ की उद्या?"

तर एका शुक्रवारी सकाळी दुकानात आधी अत्तराचा वास आला आणि मग त्याच्यामागून एक गृहस्थ आले. केस चापूनचोपून, हातात चामडी बॅग, बोलणं साखरेच्या पाकातलं. त्यांच्या मागे सहा मुली, अठरा-वीस वर्षांच्या. त्यांतली एक मामांच्या बहिणीची मुलगी, त्यांची एकुलती एक भाची.

"मास्तर, या सगळ्यांना समुद्रापलीकडे नोकरी लागलीय," अत्तरवाले म्हणाले. "सहा निळे कोट हवेत. खिशावर कंपनीचा बिल्ला. सोमवारी द्या, मंगळवारी गाडी निघेल. कोट घालून सहाजणींचा एकत्र फोटो काढायचाय, तो बंदरावर दाखवावा लागतो."

"मामा, सोमवार म्हणजे या सोमवारी हं!" भाची म्हणाली आणि बाकीच्या पाचजणी फिसकन हसल्या.

मामांनी गळ्यातला टेप काढला. आता मामांचा एक हट्ट होता. उशीर झाला तरी चालेल, पण खिसा विचारल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. माणसाचा धंदा खिशात असतो, असं त्यांचं म्हणणं. ताटं नेणारीला पेन्सिल ठेवायला वर उभा खिसा हवा. रुग्णाची सेवा करणारीला खाली मोठे दोन. आणि यंत्रावर उभी राहणारी असेल तर बाहेर खिसाच नको, कुठं अडकला तर हाताला दुखापत. म्हणून माप घेता घेता त्यांनी पहिलीला हळूच विचारलं, "पोरी, तुझं काम काय असणार?"

"हॉटेलात. पाहुण्यांना वाढायचं."

दुसरीला विचारलं. ती म्हणाली, "एका म्हाताऱ्या बाईंची शुश्रूषा."

तिसरी म्हणाली, "डबे भरायचा कारखाना." आणि लगेच जीभ चावून म्हणाली, "साहेबांनी सांगितलंय, एकमेकींना सांगायचं नाही. पगार कमीजास्त आहेत, उगाच हेवा वाटतो."

मामांच्या हातातला खडू थांबला. एकच कोट, एकच बिल्ला, आणि धंदे तीन! चौथी परत हॉटेलात, पाचवी कुठल्याशा घरी लेकरं सांभाळायला. शेवटी भाची आली. ती आनंदानं नुसती उडत होती. "मामा, मी दवाखान्यात! आणि मला आतून एक चोरखिसा हवा. कागदपत्रं ठेवायला."

"कागदपत्रं आहेत कुठं?"

"साहेबांकडे. हरवतील म्हणून त्यांनी सगळ्यांची ठेवून घेतलीत."

मामांनी टेप गुंडाळला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच एक काम ताबडतोब केलं. सहाही कोटांचं कापड त्याच दुपारी कापून टाकलं. शिंप्याच्या धंद्यातला हा पहिला धडा: कापड कापलं की गिऱ्हाईक आपलं. मग त्याला दुसरीकडे जाता येत नाही.

शनिवारी मामा मोठ्या रस्त्यावरच्या पोलीस कचेरीत गेले. तिथल्या बाईंचं टेबल नेमकं नोकरीच्या नावाखाली मुली पळवणाऱ्यांच्या तक्रारींसाठी होतं. बाईंनी सगळं नीट ऐकलं, बिल्ल्यावरचं कंपनीचं नाव लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"मामा, तुमचा संशय मला पटतोय. पण त्याच्याकडे शिक्के मारलेले कागद असणार. तिकडचा पत्ता खरा की खोटा, हे तिकडून लेखी यायला हवं. गुरुवारी दुपारी बारापर्यंत येईल. त्याआधी मी त्याला हात लावला तर तासाभरात सुटेल, आणि दुसऱ्या गावात दुसऱ्या सहाजणी गोळा करेल."

"पण तो मंगळवारी निघतोय."

"मग गुरुवारपर्यंत त्याला थांबवायला हवं. त्याला वास लागू न देता. जमेल?"

मामांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला बहुतेक प्रश्न कळला नाही. "बाई," मामा म्हणाले, "मी तीस वर्षं याचाच सराव करतोय."

घरी मात्र त्यांनी चकार शब्द काढला नाही. मामींच्या पोटात गोष्ट राहायची नाही. मामींना कळलं की बहिणीला कळणार, आणि बहीण तर अत्तरवाल्याला देवमाणूस म्हणत होती. मामांनी रविवारी तिला जरा चाचपून पाहिलं होतं. "पोरीला एवढ्या लांब पाठवतेस, नीट चौकशी केलीस का?" तर ती फणकारली, "दादा, माझी पोर कुठंतरी वेळेवर पोचतेय ते तुला बघवत नाही!"

सोमवारी अत्तरवाले आले. मामा म्हणाले, "बाह्या तेवढ्या राहिल्यात. उद्या." मंगळवारी आले. मामा म्हणाले, "बिल्ले तेवढे राहिलेत. उद्या." अत्तरवाल्यांचं पाकातलं बोलणं पातळ होऊ लागलं. ते मामांना सोडून मामींवर घसरले, आणि तेवढ्यात मागून भाची डोळे पुसत आली. "मामी, मामांच्यामुळे माझी नोकरी जाणार. साहेब म्हणतात, आता कोट झाले नाहीत तर दुसऱ्या मुली नेतील."

मामींच्या काळजात ते रुतलं.

बुधवारी सकाळी मामा बाईंना भेटायला म्हणून मोठ्या रस्त्याकडे गेले. बाई कुठंतरी बाहेर होत्या, त्यांची वाट बघण्यात दिवस मोडला. संध्याकाळी मामा दुकानात शिरले आणि दारातच थबकले. दांडीवर सहा निळे कोट ओळीनं टांगलेले. बाह्या लावलेल्या, अस्तर बसवलेलं, काज-बटणं पूर्ण, बिल्ले चमकतायत. खाली मामी आणि मामांची बहीण दोऱ्यांच्या तुकड्यांत बसलेल्या, बोटं लालभडक, चेहरे उजळलेले.

"बघा!" मामी म्हणाल्या. "तीस वर्षांत पहिल्यांदा! आता कुणी बोलून दाखवा आपल्याला!"

"साहेबांना दाखवून झाले," बहीण म्हणाली. "खूश झाले. उद्या सकाळी आठलाच गाडी आणतो म्हणाले." ती उठून, अंग मोडून, घरी गेली.

मामा मशीनच्या स्टुलावर मटकन बसले. जन्मभर ज्याला उशीर केला त्या कामानं असा सूड उगवला होता! मग त्यांनी मामींना सगळं सांगितलं. एकाच बिल्ल्याचे पाच धंदे, ठेवून घेतलेले कागद, गुरुवारचे बारा. मामींनी ऐकता ऐकता सुई कापसाच्या उशीत टोचून ठेवली.

"अहो, मग आधी सांगायला काय तोंडाला टीप मारली होती?"

"तू बोलली असतीस."

"बोलले असते तर शिवले नसते!" मामी कडाडल्या. त्यांनी एकदम उठून कात्री घेतली. "सगळे उसवते."

"नको. त्यानं पाहिलेत. आता कोट नाही म्हटलं तर तसाच घेऊन जाईल पोरींना. आठपासून बारापर्यंत, चार तास हवेत."

मामींनी कात्री परत ठेवली आणि कोटांकडे पाहिलं. "चोरखिसा फक्त आपल्या पोरीच्या कोटाला आहे ना?"

"हो."

"मग तुम्ही गल्लीत जा. मी इथलं बघते."

मामा निघाले. गल्लीतले तीन मित्र त्यांनी गाठले: इस्त्रीवाला, मोची आणि फोटोवाला. ऐकल्यावर इस्त्रीवाला म्हणाला, "मामा, असल्या माणसाला सरळ धुवून काढू."

"धुवायचं नाही, वाळत घालायचं," मामा म्हणाले. "आणि नीट ऐका. उशीर करणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे, तसं केलं तर गिऱ्हाईक उठून जातं. गिऱ्हाइकाला सतत वाटलं पाहिजे की झालंच, आता होतंय, हे काय झालं. बटण लावताना दोरा संपावा, दोरा आणला की बटण घरंगळावं. आपला चेहरा मात्र घाईत असल्यासारखा." तीस वर्षांची विद्या मामांनी पंधरा मिनिटांत दिली. पुढे गल्लीत सांगतात की ते ऐकून मोच्याच्या दुकानातलं चालू घड्याळसुद्धा दोन मिनिटं मागे पडलं.

गुरुवारी आठला पांढरी गाडी नाक्यावर उभी राहिली. सहाजणी आपापल्या बोचक्यांसह आल्या. मामांची बहीण डोळे पुसत, हसत. कोट कुठं? तर इस्त्रीला.

"हे काय, आणतोच," इस्त्रीवाला म्हणाला आणि पहिला कोट घेऊन आला. दुसऱ्यासाठी परत गेला. तिसऱ्याच्या वेळी निखारे विझले. चौथ्याच्या पाठीवर सुरकुती राहिली, ती त्याला स्वतःलाच सहन होईना. सहावा कोट आला तेव्हा साडेनऊ झाले होते.

मामी स्वतः मुलींना कोट घालत होत्या. भाचीच्या कॉलरीवर हात फिरवता फिरवता तिच्या कानाशी लागल्या. "चोरखिसा दिलाय हं तुझा. फोटो झाला की गाडीत बसून बघ, आधी नको."

मग फोटोवाल्यानं सूत्रं हाती घेतली. उंच मुली मागे, ठेंगण्या पुढे. मग उंच पुढे, ठेंगण्या मागे. "दुसऱ्या बाई, हनुवटी खाली. फार खाली नको. तिसऱ्या बाई, हसू नका. अगदीच नाही हसलात तर बंदरावर अडवतील." तिपाईचा एक पाय आखूड, त्याखाली घडी घालून कागद. मग ढग आला. फोटोवाला ढगाकडे असा मायेनं बघत राहिला, जणू त्यानंच तो मागवला होता.

"अहो, आटपा!" अत्तरवाले ओरडले.

"झालंच! तुम्ही मधे बोललात, त्या बघा सगळ्या तुमच्याकडे वळल्या. पुन्हा."

तिकडे गाडीचा चालक पाय मोकळे करायला मोच्याच्या पेटीपाशी टेकला होता. "टाच निघालीय की तुमची," मोची म्हणाला. "दोन खिळ्यांचं काम." चालकानं उजवा बूट काढून दिला. मोच्यानं टाच काढली, मग तळवा काढला, मग डोळे मिटून म्हणाला, "अरेरे, हा तर आतूनच गेलाय."

साडेअकराला अत्तरवाल्यांचा पाक पुरता आटला. "बस्स! बसा गाडीत सगळ्या!" चालक एका पायात बूट घालून लंगडत आला तर त्याला ढकलून ते स्वतःच चालकाच्या जागेवर बसले.

मामांनी नाक्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाराला अजून अर्धा तास. त्यांच्याकडची सगळी विद्या संपली होती. ते टेप हातात घेऊन सरळ गाडीपुढे जाऊन उभे राहिले.

"साहेब, एका बाहीचं माप राहिलं."

"बाजूला व्हा, मास्तर!"

"पाव इंचाचा प्रश्न आहे. लोक काय म्हणतील, शिंपी घाईचा होता!"

इंजिन घरघरलं. मामा हलले नाहीत. त्यांच्या एका बाजूला इस्त्रीवाला येऊन उभा राहिला, दुसऱ्या बाजूला फोटोवाला तिपाईसकट. मोची हातात टाच घेऊन आला.

आणि आत, मागच्या बाकावर, भाचीनं चोरखिशात हात घातला. तिला वाटलं मामींनी आठवण म्हणून काही ठेवलं असेल. निघाली अस्तराच्या कापडाची एक पट्टी, तिच्यावर मामींनी निळ्या दोऱ्यानं, घाईघाईनं, पण एकेक अक्षर वाचता येईल असं भरलं होतं: *शेजारणीला विचार, तिला काय काम सांगितलंय.*

भाचीनं पट्टी मुठीत धरली. मग शेजारणीकडे वळून म्हणाली, "ए, तुझं काम काय गं?"

"सांगायचं नाही ना."

"मी सांगते आधी. माझं दवाखान्यात."

"दवाखाना?" शेजारीण म्हणाली. "कंपनीचं हॉटेल आहे ना?"

"हॉटेल कुठलं, कारखाना आहे," पलीकडून तिसरी म्हणाली. आणि मग सहाजणी एकदम एकमेकींकडे बघू लागल्या.

भाचीनं सरकता दरवाजा उघडला आणि उतरली. तिच्यामागे दुसरी. बघता बघता सहा निळे कोट गाडीच्या दारापाशी उभे राहिले.

"काय झालं मुलींनो?" अत्तरवाल्यांनी मागे वळून पुन्हा पाक ढवळायचा प्रयत्न केला. "उशीर होतोय."

"आमचे कागद द्या," भाची म्हणाली. "आणि सगळ्यांसमोर सांगा, आम्ही नक्की कुठं कामाला चाललोय. एकच उत्तर द्या."

मामांची बहीण पुढे आली. लेकीकडे पाहिलं, मग मामींकडे, मग गाडीपुढे टेप धरून उभ्या राहिलेल्या दादाकडे. सकाळपासूनचा सगळा घोळ तिला एका क्षणात उलगडला असावा. खिडकीतून वाकून तिनं गाडीची किल्ली काढली आणि आपल्या पिशवीत टाकली.

अत्तरवाले बॅग छातीशी धरून दुसऱ्या दारानं उतरायला गेले, तर तिथं दोन शिपायांसह कचेरीतल्या बाई उभ्या. बारा वाजायला वीस मिनिटं होती. वेळेआधी आलेलं माणूस त्या नाक्यानं तोवर पाहिलंच नव्हतं.

"उत्तर लवकर आलं," बाई म्हणाल्या. "तुमच्या कंपनीच्या पत्त्यावर मिठाचं गोदाम आहे. तेही बंद. याच पत्त्यावर तुम्ही मागच्या खेपेला पाठवलेल्या चौघींची नावंही तिकडून आलीत. चला, बोलू या."

बॅगेतून सहाही जणींची कागदपत्रं निघाली. बाईंनी एकेकीचं नाव वाचून हातात दिली. मागच्या चौघींचा माग त्या बॅगेतल्याच चिठ्ठ्यांवरून लागला आणि महिन्याभरात त्याही घरी परतल्या. चालकाचा बूट मोच्यानं त्याच दुपारी नीट करून दिला, पण चालक तो घ्यायला बऱ्याच वर्षांनी आला, कारण मधली वर्षं त्याला सरकारनं राहायला जागा दिली होती.

बहीण संध्याकाळी दुकानात आली. बराच वेळ दोरे वेचत बसली. "दादा, मी तुला बोलले."

"बोललीस ते खरंच होतं," मामा म्हणाले. "माझा उशीर आहेच."

"उसवून सांगायचं तर," मामी म्हणाल्या, "तुम्हा दोघांच्या भांडणात माझे सहा कोट मात्र वेळेवर झाले, हे कुणी विसरू नका!" तिघंही हसली.

तेव्हापासून गल्लीत एक रीत पडली. गावाबाहेर कामाला निघालेल्या पोरा-पोरीनं आधी मामांकडे येऊन खिसा विचारून घ्यायचा. काय काम, कुठला पत्ता, कागद कुणाकडे. चार जण एकाच ठिकाणी निघाले असतील तर चौघांना एकत्र बसवून मोठ्यानं उत्तरं द्यायला लावायची. फोटोवाला फोटोच्या मागे पत्ता लिहून एक प्रत ठेवून घेतो, मोची जोड्याला टाच ठोकताना "पोचवायला कोण, आणायला कोण" विचारतो, आणि काही खुपलं तर इस्त्रीवाला मोठ्या रस्त्यावर बाईंकडे जाऊन येतो. बाई आठवड्यातून एकदा दुकानात चहाला येतात. त्यांचाही एक कोट शिवायला टाकलेला आहे. त्याबद्दल न बोललेलं बरं.

वर्षभरानं भाचीला खरीच नोकरी लागली. शेजारच्या शहरात, दवाखान्यातच. तिनं मामांकडे पांढरा कोट टाकला. खाली मोठे दोन खिसे, आत चोरखिसा. सोमवारी हवा होता. मामा म्हणाले, उद्या. मंगळवारी म्हणाले, उद्या.

बुधवारी बाईंचा निरोप आला: पत्ता खरा, दवाखाना खरा, मुलींची राहायची जागा स्वतः पाहिली. मामांनी कपाट उघडून कोट काढला. घडी घातलेला, इस्त्री केलेला.

"अगं बाई!" मामी म्हणाल्या. "हा तर रविवारीच झाला होता!"

भाचीनं कोट अंगात घातला आणि सवयीनं आत हात घातला. चोरखिशात कापडाची एक पट्टी होती, निळ्या दोऱ्यानं भरलेली. या वेळचे टाके मामींचे नव्हते, जाडेभरडे होते, मामांच्या हातचे.

*पोचलीस की कळव,* पट्टीवर लिहिलं होतं. *लगेच. उद्या नाही.*